नळी दुखतेय? आधी ती बाटली खाली ठेवा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच मेसेज दाखवला. दोघं पोलीस भरतीची तयारी करणारे, पहाटे पाचला शिवाजी पार्कात येणारे. तिसरे पन्नाशीतले काका, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदाच हाफसाठी नाव दिलेले. मी परळला फिजिओथेरपी करते, त्यामुळे नडगी धरून लंगडत येणारे पाय माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. या मेसेजनं ते पाय आणखी बिघडताना पाहतेय, म्हणून लिहायला बसले.

मेसेज असा आहे: "पायाची नळी दुखते म्हणजे तिथे अशुद्ध रक्त साचलंय. मोहरीचं तेल गरम करून काचेच्या बाटलीनं नळी वरून खाली जोरात रगडा, गाठी फुटतील. धावणं अजिबात थांबवू नका, थांबलात तर नळी कायमची धरते. क्रेप बँडेज घट्ट बांधून पळा. एक्स-रे नॉर्मल आला तर बिनधास्त पळा. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करा. रस्त्यावर नको, वाळूत पळा. सर्व भरतीवाल्या मित्रांना पाठवा."

अशुद्ध रक्त. नडगीत रक्त साचत नाही. धावणाऱ्यांची नळी दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे ज्याला आपण शिन स्प्लिंट म्हणतो ते. डॉक्टरांच्या भाषेत मिडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वर अर्ध्या-पाऊण भागापर्यंत दुखतं. प्रत्येक पावलाला नडगीचं हाड किंचित वाकतं आणि सरळ होतं. पाच किलोमीटर आरामात पळालात तरी पाच हजारांवर पावलं पडतात. हाडाला आणि त्यावरच्या पातळ आवरणाला झेपेल त्यापेक्षा हे वाकणं अचानक वाढलं, की ती कड ठणकायला लागते.

बाटली. स्वतःच्या नडगीवर आतल्या बाजूनं हात फिरवून बघा. तिथे कातडीखाली लगेच हाड आहे, मध्ये मांस जवळपास नाही. हाडावरचं ते आवरण मज्जातंतूंनी भरलेलं असतं आणि आधीच चिडलेलं असतं. त्यावर काचेची बाटली दाबून फिरवली की जी "गाठ फुटल्यासारखी" कळ येते, ती त्या आवरणाची असते. फोडायला तिथे गाठच नसते. दोन दिवस बरं वाटतं, कारण रगडण्याच्या वेदनेपुढे मूळ दुखणं झाकलं जातं. मागच्या पोटरीला हलकं तेल चोळून बरं वाटत असेल तर जरूर चोळा, हाडाला हात लावू नका. आणि एकच पोटरी सुजली असेल, गरम आणि लाल झाली असेल, तर मालीश अजिबात नको. शिरेत गुठळी झाल्याची ती खूण असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

"थांबलात तर नळी धरते." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं केलंय. हाड ताणाला उत्तर देतं, ते स्वतःला नव्यानं घडवतं, पण त्याची कामाची पद्धत मुंबईच्या रस्त्यांसारखी आहे: आधी खणायचं, मग भरायचं. जुना भाग खरवडून काढणाऱ्या पेशी साधारण तीन आठवड्यांत आपलं काम उरकतात. नवं हाड भरून ते घट्ट व्हायला तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे नवीन जोमानं पळायला लागल्यावर पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा थोडं कमजोर असतं. खणलेल्या रस्त्यावरून त्याच वेळी डंपर नेले तर काय होईल ते आपल्याला सांगायला नको.

आपल्याकडे हे दरवर्षी होतं. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात, धावणं बंद. ऑक्टोबर लागला की जानेवारीची मॅरेथॉन दिसायला लागते आणि चार महिन्यांची तूट लोक चार आठवड्यांत भरून काढायला जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माझ्याकडची गर्दी त्याचीच. भरतीच्या मुलांचं वेगळं. जाहिरात आली की मुलगे रोज १६०० मीटर आणि मुली रोज ८०० मीटर पूर्ण जोरात, टायमिंग लावून पळतात. सकाळी ग्राउंड, मग बारा तास सिक्युरिटीची उभी ड्युटी, परतीला लोकलमध्ये उभं, रेल्वेचे पूल चढ-उतार. हाडाच्या हिशेबात हे सगळंच जमा होतं.

मग पूर्ण थांबायचं का? साध्या शिन स्प्लिंटला अंथरुणात पडून राहायची गरज नसते, आणि मेसेजमधली भीती तेवढ्यापुरती खरी आहे की नुसतं बसून राहून परत तेवढ्याच जोरात सुरुवात केली तर दुखणं परत येतं. ताण उतरवायचा, शून्य करायचा नाही. आधी वेग आणि चढ बंद करा, मग अंतर कमी करा. दम टिकवायला सायकल किंवा महापालिकेचा तरण तलाव. न दुखता अर्धा तास भरभर चालता आलं की एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, तेही एक दिवसाआड. धावताना दुखणं दहापैकी दोन-तीनच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जास्त जाणवलं, तर एक पायरी मागे या. पावलं थोडी छोटी आणि जलद टाका, लांब टांगा टाकून टाच आपटू नका.

आणि पोटरी मजबूत करा. चाळीच्या जिन्याची पायरी पुरते: पावलाच्या पुढच्या भागावर उभं राहून टाचा वर-खाली, एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवून केल्यावर पोटरीतला आतला स्नायू, सोलियस, कामाला लागतो, आणि धावताना नडगीचा भार उचलण्यात त्याचा मोठा वाटा असतो. हलकं दुखणं काही आठवड्यांत जातं. महिनोन्‌महिने अंगावर काढलेलं जायलाही महिने घेतं. पेनकिलर खाऊन ग्राउंडवर उतरू नका. पाय तुम्हाला जे सांगतोय तेच गोळी ऐकू देत नाही.

"एक्स-रे नॉर्मल, बिनधास्त पळा." वरळीहून येणारी वीस वर्षांची एक मुलगी याच वाक्यावर विसंबली. नडगी दुखायला लागल्यावर आठवड्याभरात घराजवळ एक्स-रे काढला, साफ आला. पुढचे पाच आठवडे ती पळत राहिली. माझ्याकडे आली तेव्हा तिला रात्री झोपेतही ठणका लागत होता. मी बोट दाबत वर सरकत गेले आणि एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर तिनं पाय झटकन ओढून घेतला. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. भरतीचं ते ग्राउंड तिनं घरी बसून घालवलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चौथ्या दिवशी कुणी नीट बोट ठेवून पाहिलं असतं तरी ते वाचलं असतं.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हाडातली केसाएवढी चीर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. हाड भरायला लागतं तेव्हा कुठे खूण उमटते. म्हणून साफ एक्स-रेनं निश्चिंत व्हायचं नाही, बोटानं तपासायचं. अंगठ्यानं नडगीची आतली कड खालून वर दाबत जा. तीन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त लांबीत पसरून दुखत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट. एकाच बिंदूवर कळ येत असेल, चालताना, बसल्या जागी किंवा रात्री दुखत असेल, तर धावणं त्या क्षणी बंद आणि डॉक्टर गाठायचा. नडगीच्या पुढच्या बाजूला, अगदी मधोमध असा बिंदू असेल तर आणखी जपा. तिथली चीर लवकर भरत नाही आणि दुर्लक्ष केलं तर हाड आरपार मोडू शकतं.

क्रेप बँडेज. बँडेजनं हाडाचं वाकणं थांबत नाही. उलट काहींना दुखणं वेगळंच असतं: रोज ठरावीक अंतरावर पाय दगडासारखा भरून येतो, पावलाला मुंग्या येतात, पंजा आपटायला लागतो आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं ओसरतं. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात, त्यातल्या एखाद्यात धावताना दाब वाढतो. त्यावर बाहेरून घट्ट पट्टा आवळणं म्हणजे दाबावर दाब. याची तपासणी वेगळी, उपचार वेगळे, कधी शस्त्रक्रियाही लागते.

कॅल्शियमच्या गोळ्या. इथे मेसेज अगदीच चुकीचा नाही. अमेरिकन नौदलाच्या महिला रिक्रूटांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. पण तो दुखणं येऊ नये म्हणून केलेला प्रयोग होता, चिडलेली नडगी गोळीनं शांत होत नाही. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या.

त्याहून मोठी गोष्ट पोटात आहे. खोली घेऊन राहणाऱ्या कितीतरी मुली एका डब्यावर दोन वेळा काढतात, वर वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडतात, आणि दिवसातून दोनदा ग्राउंड मारतात. शरीराला पुरत नाही तेव्हा ते पाळी बंद करतं आणि हाडाची भरणीही मंदावते. मुलांमध्येही हे होतं, फक्त पाळीसारखी खूण नसते म्हणून कळत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. पोरींनो, तीन महिने पाळी आली नाही आणि नळी दुखतेय, तर "प्रॅक्टिसमुळे होतं" म्हणून सोडू नका. हे डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि भाकरी, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे परवडेल ते पोटभर खा.

वाळू. दादर चौपाटीची सुकी वाळू पायाखाली खचते, पोटरीला जास्त राबवते, आणि किनारा उतरता असल्यानं एक पाय सतत खाली पडतो. दुखऱ्या नडगीला हा उपाय नाही. पृष्ठभाग कुठलाही असो, शरीर त्याला सरावतं, अडचण अचानक बदलण्यात आहे. ट्रॅकवर परीक्षा असेल तर मातीवरून ट्रॅकवर हळूहळू या, शेवटच्या आठवड्यात नको.

एका बिंदूवर दुखत असेल आणि खासगीत जाणं परवडत नसेल, तर केईएम, सायन, नायर यांतल्या जवळच्या हॉस्पिटलच्या हाडांच्या ओपीडीत केस पेपर काढा. "पाय दुखतो" एवढंच सांगू नका. किती आठवडे दुखतंय, धावणं कधी आणि किती वाढवलं, रात्री ठणकतं का, आणि बोट ठेवून नेमकं कुठे, हे सांगा. आधीचा एक्स-रे असेल तर त्याची तारीख दाखवा.