अजून एक मेसेज टाकू का?

काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मावशी, जागी आहेस?" पोरगा सत्तावीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. ॲपवर ओळख झालेल्या मुलीबरोबर दोनदा कॉफी झाली, दुसऱ्यांदा तर चांगल्या तीन तास गप्पा. आणि आता चार दिवस नुसत्या निळ्या टिका. "अजून एक मेसेज टाकू का?"

म्हटलं, टाक की एक. 'भेटून छान वाटलं, पुन्हा भेटायला आवडेल', एवढंच. मग गप्प बस. तर साहेब म्हणतात, "पण चिकाटी नको का दाखवायला?"

हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. आमच्या कॉलेजात असे चिकाटीवाले ढिगाने होते. मुलगी सायकलवरून क्लासला निघाली की हे मागे. ती नाही म्हणाली तरी "लाजतेय रे, लागून राहा" म्हणणारे चार मित्र सोबत. त्या मुलींत मीही होते. आधी रस्ता बदलला, मग क्लास. घरी बोलले नाही, कारण बोलले असते तर क्लासच बंद झाला असता. तो बाबा आजही ते 'पहिलं प्रेम' म्हणून सांगत असेल!

२०१३ साली पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिलं, तर पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद. हे ऐकून भाचा हबकला. "मी तसा नाहीये गं." नाहीच आहे. तसा असता तर मला विचारायला आला नसता.

त्याचा घोळ वेगळा आहे. कांदेपोह्यांच्या काळात नकाराची भाषा ठरलेली असायची. 'पत्रिका जुळत नाही' म्हणजे नाही. पत्रिका कोणी उघडलेलीही नसायची. खोटं असायचं, पण विषय संपायचा. आता निळ्या टिकांमधून ज्याला जे हवं ते वाचता येतं.

आमच्या बघण्याच्या कार्यक्रमानंतर मी उत्तराला दीड महिना लावला. तेवढ्यात नवऱ्याचा लँडलाइनवर एकच फोन आला. "घाई नाही. पण नकार असेल तर तोही सांगा, चालेल." तिथेच मी अर्धी तयार झाले. (उरलेली अर्धी त्याची पुण्याला बदली झाल्यावर, ते सोडा.)

आज सकाळी भाच्याचा मेसेज: "टाकला. आता फोन आईच्या कपाटात ठेवलाय."

मग हा मेसेज कुठून पाठवलास, असं काही मी विचारलं नाही.