नाव तेच, चिप वेगळी: फ्लॅगशिप घेण्याआधी मॉडेल नंबर बघा

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस या फ्लॅगशिप, म्हणजे सगळ्यात वरच्या मालिकेतला फोन तापतो का, बॅटरी दिवसभर पुरते का, असं कुणी विचारलं की लगेच एखाद्या अमेरिकन यूट्यूबरच्या परीक्षणाची लिंक पडते. पण त्या परीक्षणातला फोन आणि आपल्याकडच्या दुकानातला फोन एकच आहे का, हे कुणी तपासत नाही. सॅमसंगच्या बाबतीत तो बऱ्याच वेळा एक नसतो: नाव तेच, पण आतली मुख्य चिप, म्हणजे फोनचा मेंदू, देशानुसार वेगळी.

२०२० चा एस२० घ्या. अमेरिकेत आणि खुद्द कोरियात त्यात क्वालकॉम कंपनीची स्नॅपड्रॅगन ८६५ होती, भारतात आणि युरोपात सॅमसंगची स्वतःची एक्सिनॉस ९९०. दोन्ही ७ नॅनोमीटरच्या, म्हणजे एकाच पिढीच्या तंत्राच्या, पण पहिली टीएसएमसी या तैवानी चिप-कारखान्यानं बनवलेली, दुसरी सॅमसंगनं. शिवाय स्नॅपड्रॅगनचे मोठे कोअर (जड काम करणारे भाग) आर्म या ब्रिटिश कंपनीच्या ए७७ आराखड्यावर बेतलेले, तर एक्सिनॉसमध्ये सॅमसंगचे स्वतःचे एम५. तेवढ्याच कामाला हे एम५ जास्त वीज खायचे, म्हणून फोन लवकर तापायचा आणि बॅटरीही लवकर उतरायची. ते कोअर घडवणारी अमेरिकेतल्या ऑस्टिनमधली टीम सॅमसंगनं फोन बाजारात येण्याआधीच, २०१९ च्या अखेरीस मोडीत काढली होती. तरी भारतीय ग्राहकाकडून फ्लॅगशिपचीच किंमत घेतली. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

एस२० एफई, म्हणजे एस२० ची स्वस्त आवृत्ती, तर याचा कळस. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तो एक्सिनॉस ९९० घेऊन ४९,९९९ रुपयांना आला. मार्च २०२१ मध्ये त्याच नावानं, फक्त ‘५जी’ जोडून, स्नॅपड्रॅगन ८६५ वाला आला. आज जुना एफई घेत असाल तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली अबाउट फोन उघडा आणि मॉडेल नंबर वाचा. एसएम-जी७८०एफ म्हणजे एक्सिनॉस. जी७८०जी म्हणजे ४जीच, पण स्नॅपड्रॅगन. जी७८१बी म्हणजे ५जी, स्नॅपड्रॅगन. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. सीपीयू-झेड हे मोफत ॲप टाकलं की चिपचं नाव समोर येतं. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या नंबरशी जुळवायलाही विसरू नका.

मात्र मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरावरून सरसकट अंदाज बांधू नका. एस२३ जगभर स्नॅपड्रॅगन ८ जेन २ वरच आला, त्यामुळे नंबर एस९११बी असला, शेवटी कुठलंही अक्षर असलं, तरी चिंता नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये भारतात आलेल्या एस२४ आणि एस२४ प्लसमध्ये एक्सिनॉस २४०० होती, आणि एस२४ अल्ट्रात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. एक्सिनॉस २४०० ला ९९० च्या पंक्तीला बसवणं चूक ठरेल, ती खूप सुधारलेली चिप आहे.

आणि स्नॅपड्रॅगन म्हणजे थंड, हेही खरं नाही. स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ या दोन्ही सॅमसंगच्याच कारखान्यातल्या, दोन्ही तापट. क्वालकॉमनं ८ प्लस जेन १ टीएसएमसीकडे नेली आणि फरक लगेच दिसला. म्हणून चिपच्या नावाबरोबर ती कुठं बनली तेही बघा.

परीक्षणात पहिल्या फेरीचा बेंचमार्क, म्हणजे वेग-चाचणीचा, आकडा मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो, कारण तेव्हा फोन गार असतो. ३डीमार्क या चाचणी-ॲपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट बघा: एकेका मिनिटाच्या २० फेऱ्या, आणि सर्वांत कमी गुण भागिले सर्वांत जास्त गुण म्हणजे स्थिरता. स्वतः करून बघायची तर कव्हर काढा, चार्जर काढा, ब्राइटनेस ठरावीक ठेवा, एसी बंद ठेवा. एसीत ८० टक्के स्थिर राहिलेला फोन विदर्भातल्या मे महिन्यात तसाच राहील असं धरू नका. मर्यादेपलीकडे तापला की चिप स्वतःचा वेग उतरवते, स्क्रीन मंद होते, उन्हात लांबलचक व्हिडिओ घेताना कॅमेराच बंद पडू शकतो.

अमेरिकेतल्या नातेवाईकाकडून स्नॅपड्रॅगनवाला मागवायचा विचार असेल, तर मॉडेल नंबरच्या शेवटी यू१ असलेलं मॉडेल मागवा. नुसतं यू असलेलं तिथल्या मोबाईल कंपनीच्या नेटवर्कला लॉक असू शकतं. अमेरिकन मॉडेलमध्ये भारतीय फोनसारखं कॉल रेकॉर्डिंग मिळेल असं गृहीत धरू नका, आणि इथं वॉरंटी चालेल का तेही आधीच विचारा.

सॅमसंगकडे मागणी एकच. तपशिलाच्या तक्त्यात ‘ऑक्टा-कोअर’ आणि गिगाहर्ट्झ लिहून भागवू नका. ऐंशी हजारांच्या फोनच्या खोक्यावर चिपचं नाव ठळक छापा.