औषध बदलले म्हणून काय बिघडले?

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या नातलगांमध्ये सध्या मावसभावाच्या मुलाची चर्चा आहे. हेरॉइन सुटावे म्हणून दिल्लीत मेथाडोन हे त्याच्याऐवजी देतात ते औषध घेणाऱ्या त्या मुलाला डॉक्टर आता ब्युप्रेनॉर्फिन या तशाच दुसऱ्या औषधावर आणणार आहेत. त्यावर ‘पहिले औषध फसले, आता दुसऱ्याची सवय लावणार’ असा निकाल जाणत्या मंडळींनी फोनवरच देऊन टाकला. रक्तदाबाची गोळी बदलली, तर हीच मंडळी नवी चिठ्ठी मुकाट्याने दुकानात नेतात.

ग्लासगोत माझ्या फार्मसीच्या काउंटरवर मेथाडोनचे हिरवे औषध मोजून देणे आणि ते समोर प्यायले जाताना पाहणे, हे माझे रोजचे काम आहे. ईसीजीत क्यूटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी, धोकादायक लांबला, दिवसभर गुंगी राहू लागली, किंवा नोकरीमुळे रोज येणे जमेना आणि ब्युप्रेनॉर्फिनचे महिन्याचे इंजेक्शन सोयीचे वाटले, की इथे औषध बदलते.

अवघड असतो तो बदलाचा काळ. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम मेथाडोनइतका पूर्ण नसतो, पण मेंदूतल्या रिसेप्टरांवरची, म्हणजे हेरॉइन आणि ही दोन्ही औषधे जिथे जाऊन चिकटतात त्या जागांवरची, त्याची पकड इतकी घट्ट असते, की ते मेथाडोनला हुसकून लावते. घाई झाली तर घाम, उलट्या, जुलाब आणि अंगदुखी एकदमच उसळतात. म्हणून मेथाडोन हळूहळू रोजच्या ३० मिलिग्रॅमपर्यंत उतरवतात आणि शेवटच्या मात्रेनंतर निदान २४ तास, बहुधा त्याहून जास्त थांबून, मेथाडोन उतरल्याची लक्षणे दिसू लागल्यावरच नवी गोळी जिभेखाली देतात. मेथाडोन चालू ठेवूनच ब्युप्रेनॉर्फिन अगदी कणाकणाने वाढवण्याची स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांची पद्धत २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हा उपास बराचसा टळतो. बदलाच्या काळातली नेमकी ती घाम-उलट्यांची लक्षणे पाहूनच घरचे ‘फसले’ म्हणतात आणि मुलगा उपचार सोडून देतो. मग सहनशक्ती उतरलेल्या शरीरात हेरॉइनची जुनीच मात्रा जीव घेऊ शकते.

‘मग युरोपात सर्वाधिक अमली मृत्युदर स्कॉटलंडचाच का?’ असे मेहुण्यांनी विचारले. आकडा खरा आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू अनेक पदार्थ एकत्र घेतल्याने होतात, असे मी सुनावले. नाशिकची नालस्ती झाल्यावर भांडलो असतो त्याच त्वेषाने. गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी, आता मला फारसे कोणी ओळखत नाही. इथले पेशंट मात्र मी सुट्टीवरून परतलो, की नाशिकला पाऊस होता का, असे विचारतात.

मुलासोबत राहणाऱ्या वहिनींना मी एवढेच कळवले आहे, की पहिल्या दिवसांत त्याला घाम फुटला किंवा उलट्या झाल्या, तर फोन उपचार केंद्राला करावा, पंचवटीला नव्हे.