दाब किती द्यायचा, तेही सांगायला हवं

चिंतेवर मालिशचा उपाय सांगणारा एक लेख वाचला, पण त्यात दाबाबद्दल काहीच नाही. खरी मेख तिथेच आहे. गुदगुल्या होतील इतका हलका हात मज्जासंस्थेला उलट जागं करतो. कातडीखालचा स्नायू हलेल इतका दाब हवा, तेव्हा नाडी मंदावते. दुखेपर्यंत रगडलं तर माणूस श्वास रोखून खांदे आवळतो आणि सगळं वाया जातं.

घरी दोन चमचे तीळतेल कोमट करा. मानेच्या मागून खांद्याच्या टोकापर्यंत तळहात सावकाश न्या, एका फेरीला पाच-सहा सेकंद. १० मिनिटांनी तळपाय घ्या. काशाची वाटी असेल तर तूप लावून. गळ्याच्या बाजूला नाडी लागते तिथे दाबू नका, चक्कर येऊ शकते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर मालिश नकोच, आत रक्ताची गुठळी असू शकते.

आणि कृपा करून चिंतेवरच्या चालू गोळ्या बंद करू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या ६८ रुग्णांपैकी काहींना मालिश, काहींना शेक, तर काहींना शांत खोलीत नुसतं संगीत होतं. तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला, म्हणजे मालिश गोळ्यांची जागा घेते असं त्यातून दिसत नाही.

शेवटी तळपाय नीट पुसा, तेलकट पायांनी फरशीवर घसरायला होतं.