तुमचा अर्ज सुखरूप पोचला आहे

पोलिसाविरुद्ध तक्रार करायची म्हणताय? अवश्य करा. लोकशाही आहे. फक्त घराबाहेर पडण्याआधी डोक्यातलं एक खूळ काढून ठेवा. चौकशी कुणा तिसऱ्याने करावी, हे ते खूळ. तिसऱ्याला काय कळतंय त्यातलं? स्टेशन डायरीत कुठली नोंद मागाहून घुसवलीय, हे शोधायला त्याला महिना लागेल. ज्याने घुसवली त्यालाच विचारलं तर पाच मिनिटांचं काम. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ असं म्हणून लोक उगाच नाकं मुरडतात. अहो, ओठ नेमका कुठे चावला गेलाय हे दातांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तर सुरुवात ठाण्यापासून. ज्या ठाण्यातल्या माणसाविरुद्ध तक्रार आहे, त्याच ठाण्यात जायचं. हद्द महत्त्वाची. समोर ठाणे अंमलदार बसलेले असतील. ‘साहेब राउंडला गेलेत’ हे वाक्य ऐकू आलं की आपण योग्य जागी आलो असं समजावं. साहेब राउंडवरून येईपर्यंत बाकड्यावर बसा. भिंतीवरचा ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ फलक निवांत वाचता येतो. खल म्हणजे कोण, यावर मात्र तिथेच विचार करू नका.

दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. वाचलं ते ठीक, पण टेबलासमोर बोलून दाखवू नका. ‘या ललिता कुमारी कोण? त्यांनाही उद्या जबाबाला घेऊन या’ असं उत्तर आलं तर तुमचीच पंचाईत. आणि अर्जाची पोच तर चुकूनही मागू नका. पोच मागणं म्हणजे समोरच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. शिवाय शिक्का कपाटात असतो, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब कुठे आहेत हे तुम्हाला आता माहीत झालंय. आवाज मात्र चढवू नका. ‘शासकीय कामात अडथळा’ हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली होता, भारतीय न्याय संहितेत तो १३२ झालाय. नंबर बदलला तरी सवय बदललेली नाही. तुमची तक्रार नोंदवायला महिना लागेल, तुमच्याविरुद्धची त्याच संध्याकाळी नोंदवली जाते. पोलीस खातं संथ आहे असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा अनुभवावं.

इथे दाद लागली नाही तर ‘वर’ जायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच सोय आहे: गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. कळवा. स्पीड पोस्टाने कळवा. मग त्या अर्जाचा प्रवास सुरू होतो आणि तो प्रवास बघण्यासारखा असतो. अर्ज आधी आवक शाखेत जातो, तिथे त्याला क्रमांक मिळतो. तिथून अर्ज शाखेत, तिथे त्याला फाइल मिळते. कुणीतरी कोपऱ्यात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं तिरकं लिहितो. मग तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथे आणखी एक सही, आणखी एक ‘पुढे’. आणि पंधरा-वीस दिवसांनी, चार शिक्के मिरवत, तो माहेरी येतो. हो, त्याच ठाण्यात. बहुधा त्याच टेबलावर. आणि ज्याच्याविरुद्ध तो लिहिलाय, तोच त्याची घडी उलगडून तुम्हाला फोन करतो: ‘काय हो, एवढं वरपर्यंत जायची काय गरज होती? आम्हाला सांगायचं ना.’

एकदा माझाही एक अर्ज असाच फिरून आला होता. गाव आणि ठाणं सोडून द्या, अजून तिथूनच जावं-यावं लागतं. जबाबाला बोलावलं. समोर संगणक, त्यावर टाइप करणारा अंमलदार, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे असलेले ते साहेब, ज्यांच्याबद्दल मी बोलणार होतो. मी म्हणालो, ‘यांनी माझ्या कानफटात मारली.’ कळफलक खडखडला. पडद्यावर उमटलं, ‘आमचेत किरकोळ शाब्दिक बाचाबाची झाली.’ मी म्हणालो, ‘कारण नसताना दोन तास बसवून ठेवलं.’ उमटलं, ‘मी स्वतः होऊन पोलीस ठाणेस हजर राहिलो.’ शेवटची तीन वाक्यं मी बोललोच नव्हतो. ती आधीपासून तयारच होती, बहुतेक मागच्या माणसाच्या जबाबातली: ‘सदरचा प्रकार गैरसमजातून झाला आहे. माझी आता कोणाविरुद्धही काही तक्रार नाही. माझेवर कोणाचाही दबाव नाही.’ दबाव नाही हे खरंच होतं. हात खुर्चीवर होता, माझ्या खांद्यावर नव्हता.

या भाषेचं मला मनापासून कौतुक वाटतं. पोलिसी मराठीत कुणी कुणाला मारत नाही, लोक पडतात. ‘पळून जाणेचे प्रयत्नात पाय घसरून पडून किरकोळ जखमी झाला.’ न्हाणीघरात पडतात, जिन्यात पडतात, कोठडीच्या सपाट फरशीवर पडतात. काही जण तर पडतही नाहीत, थेट नाहीसे होतात. सांगलीत २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कोठडीतला एक तरुण आरोपी पळून गेला असं सांगण्यात आलं. पुढे कळलं ते असं, की तो कोठडीतच मेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांनाच अटक झाली. तपास मग सीआयडीकडे गेला. आता कुणी विचारेल, सीआयडीत कोण असतं? पोलीसच असतात. पण दुसऱ्या इमारतीतले.

‘मग कॅमेऱ्यात दिसेलच की!’ असं तुम्ही म्हणणार हे मला माहीत होतं. दिसायला हवंच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावा असा आदेश दिला, आणि नुसता लावा म्हणून सोडलं नाही. आत जायचं दार, बाहेर यायचं दार, कोठड्या, बोळ, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळं मोजून सांगितलं. आवाजही टिपला गेला पाहिजे, अंधारातही दिसलं पाहिजे, चित्रीकरण अठरा महिने जपलं पाहिजे. आणि कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी कुणाची? ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची. एवढा चोख बंदोबस्त झाल्यावर कॅमेरे तरी काय करणार, ते लाजतात. दिवसाचे तेवीस तास व्यवस्थित चालतात आणि नेमका एक तास डोळे मिटून घेतात. बंद कॅमेऱ्यांची सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा सल्ला एवढाच, की मार खायचाच असेल तर कॅमेरा सुरू आहे का, हे आधी नम्रपणे विचारून घ्यावं.

न्यायालयात जाता येतं. तिथेही घाई नको. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ मध्ये एक नवीन पोटकलम घातलंय: कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल लोकसेवकाविरुद्ध तक्रार आली, तर तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने त्या लोकसेवकाच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्याचं स्वतःचं म्हणणंही विचारात घ्यायचं. १ जुलै २०२४ पासून ही सोय लागू आहे. तुमच्या घरी चोरी झाली तर चोराच्या काकांचा अहवाल कुणी मागवत नाही, हा भेदभावच म्हणायचा. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ विसरू नका. पदाच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर मुदत सहा महिने. ती उलटली तर सरकारची मंजुरी आणा, मग दोन वर्षांपर्यंत चालेल. अर्जाच्या माहेरपणात त्यातले किती महिने गेले, ते आता मोजा.

कायदा अगदीच निर्दय आहे असंही नाही. कोठडीत मृत्यू झाला, माणूस बेपत्ता झाला किंवा बलात्कार झाला, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीपासून चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. म्हणजे पोलिसांवर सोडून चालणार नाही, हे संसदेलाही पटलेलं आहे. फक्त त्यासाठी मरावं लागतं. नुसते बरगड्या धरून चालत बाहेर आलात, तर तुमचं प्रकरण बारीक आहे.

मानवी हक्क आयोग? जरूर जा, पण घटनेला वर्ष व्हायच्या आत जा, नंतर ते दार कायद्यानेच बंद होतं. आयोगाची स्वतःची तपास शाखा असते, हे ऐकून हायसं वाटेल. तर १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यात राष्ट्रीय आयोगाच्या या शाखेचा प्रमुख कोण असावा हेही लिहिलंय: पोलीस महासंचालक दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी. आणि इतकं होऊन आयोग काय करतो? सरकारला शिफारस करतो.

राहता राहिलं पोलीस तक्रार प्राधिकरण. याची कथा जरा मोठी आहे, कारण ती एका पोलिसानेच सुरू केली. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. त्यांनी १९९६ साली पोलीस सुधारणांसाठी याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यातला एक असा, की पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारी ऐकायला निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने यावर घाई न करता विचार केला आणि २०१४ मध्ये कायदा केला. न्यायालयाने जिल्हा म्हटलं होतं, कायद्यात विभाग आला. जिल्हे छत्तीस, विभाग सहा, केवढी बचत! गडचिरोलीच्या माणसाला त्या निमित्ताने नागपूर बघून होतं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, हे ठीकच. पण मंडळी एकटी पडू नयेत म्हणून सदस्यांत एक निवृत्त पोलीस अधिकारी बसवला, आणि सदस्य-सचिवाची खुर्ची एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला दिली. टपाल कुणी फोडायचं, हा प्रश्न मिटला.

उत्तर आयर्लंडमध्ये २००० सालापासून पोलिसांवरच्या तक्रारींसाठी वेगळा लोकपाल आहे, त्याचे स्वतःचे तपास अधिकारी आहेत. डेन्मार्कने २०१२ मध्ये असंच स्वतंत्र प्राधिकरण काढलं. तिकडे थंडी फार, लोकांना उद्योग हवा असतो.

एका बाबतीत मात्र मी गंभीर आहे, आणि ती पोलिसांच्या भल्याचीच आहे. समजा, एखाद्या फौजदारावरचा आरोप खरोखरच खोटा आहे. असे आरोप होतात, हिशेब चुकते करायला होतात. खात्याने चौकशी केली, तो निर्दोष ठरला. कोण विश्वास ठेवतो? शेजारीसुद्धा नाही. म्हणजे या आपुलकीच्या व्यवस्थेत गुन्हेगार पोलीस सुटतो आणि निरपराध पोलीस आयुष्यभर संशयित राहतो. त्याला बाहेरच्या माणसाचं प्रमाणपत्र सगळ्यात जास्त हवं आहे. पण तो बोलणार कुठे? त्याला ना संघटना, ना संप. तोंड उघडलं तर त्याचीही चौकशी होईल, आणि कोण करेल ते तुम्हाला माहीत आहे.

असो. एखादं प्रकरण फारच गाजलं, व्हिडिओ फिरला, वगैरे, तर कारवाईही होते. अधिकारी ‘नियंत्रण कक्षाला जमा’ होतो. जमा हा शब्द मला फार आवडतो. बँकेत ठेव जमा करतात ना, तसाच. काही महिने पडून राहतो आणि मुदत संपली की नव्या ठाण्यात परत मिळतो. निलंबन बहुधा शिपायाचं होतं, कारण काठी त्याच्या हातात होती. ‘हाण’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं, हे पंचनाम्यात स्पष्ट येतं.

आणि अखेर तुमच्या अर्जाचं उत्तर येतं. येतंच, खात्यावर अन्याय करू नका. संध्याकाळी दारात बीट अंमलदार उभा असतो. हातात पाकीट. ‘आपले अर्जाचे अनुषंगाने सखोल चौकशी केली असता त्यात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ तुम्ही वाचून मान वर करता, तोवर त्याने दुसरा कागद पुढे केलेला असतो, पेनचं टोपणही काढून ठेवलेलं.

‘इथं सही करा. नाव लिहा. तारीख टाका, वेळ पण टाका. मिळालं म्हणून पोच लागते, साहेब फार कडक आहेत.’