‘डिग्री कशाला हवी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वस्तीत मुलांबरोबर आणि तरुणांबरोबर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं असावं, या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी: ‘जनता वसाहतीत (पुण्यातली वस्ती) अभ्यासिका चालवायला तळमळ लागते, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) नाही. डिग्रीवाले वर्षा-दोन वर्षांत निघून जातात, दहावी झालेली ताईच टिकते. आता तिच्याकडे सर्टिफिकेट मागणार का?’

ताईबद्दल वादच नाही. वस्तीत काम करायला आपल्याकडे कुठला परवाना लागत नाही, आणि पदवीची अट घालून तिला बाहेर काढणं मूर्खपणाचं ठरेल. घरोघरी तिची ओळख असते, ती कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. पण तळमळ कुठे अपुरी पडते, ते नेमकं बघू.

चौदा वर्षांची मुलगी अभ्यासिका सुटल्यावर थांबते आणि म्हणते, ‘ताई, कुणाला सांगणार नाहीस ना?’ तळमळीची ताई पटकन ‘नाही सांगणार’ म्हणते. इथेच घोळ होतो. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. वचन मोडलं की मुलगी तुटते, पाळलं तर कायदा मोडतो. म्हणून शिकवायचं ते एवढंच वाक्य: ‘तुला त्रास होत असेल तर मला मदत आणावी लागेल, पण काय करतेय ते आधी तुला सांगेन.’

त्यापुढच्या चुका आणखी महागात पडतात. मुलीला चारजण चारदा विचारतात आणि तिच्या सांगण्यात मोठ्यांचे शब्द मिसळतात. पुढे कोर्टात नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं. मंडळातली वडीलधारी माणसं दोन्ही घरं समोरासमोर बसवून ‘मिटवून’ टाकतात. प्रशिक्षित ताई कमी विचारते, मुलीचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवते, कळवते. जबाब घेणं पोलिसांचं काम. तो मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे ताईला माहीत असेल तरच ती चौकीत तसा आग्रह धरू शकते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं आणि समिती मुलीसाठी सहायक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात तिला साथ देणारं माणूस, नेमू शकते.

युवा गटात तर गुंता आणखी वाढतो. राष्ट्रीय युवा धोरणात (२०१४) युवा म्हणजे १५ ते २९. पॉक्सोत अठरा पूर्ण होईपर्यंत बालक. एकाच गटात सतराची मुलगी आणि बावीसचा मुलगा असतात, आणि तिच्या संमतीला कायदा संमती मानत नाही. गट चालवणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यातच कळायला हवं.

एमएसडब्ल्यूवरचा तुमचा राग मात्र अर्धा रास्त आहे. ही पदवी देणारी कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून पुण्यात आहे. या पदवीचा कणा म्हणजे फील्डवर्क, साधारण आठवड्याचे दोन दिवस. ते बिघडतं कुठे? संस्था विद्यार्थ्याला सर्व्हेचे फॉर्म भरायला बसवते आणि तो सगळे रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितो. अशी पदवी घेतलेल्यापेक्षा तुमची ताई कधीही बरी. पण अनेकींच्या कामावर देखरेख ठेवायची, गंभीर केस हाताळायची, तर अभ्यास लागतोच.

ताईसाठी आमचा आराखडा असा. सुरुवातीला तीन दिवस वर्ग: कायदा, ऐकण्याचा सराव, नोंदी. मग महिनाभर अनुभवी कार्यकर्तीच्या मागे गृहभेटी. रोजच्या डायरीत तीन रकाने: काय दिसलं, काय ऐकलं, मला काय वाटलं. तिसरा पहिल्या दोनांत मिसळला की ‘बाप दारूडा’ अशा नोंदी तयार होतात. आणि पंधरवड्यातून तासभर देखरेखीची बैठक, जी बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी गळते. ती आकडे मागणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापकाने घेऊ नये, नाहीतर ताई अडचणी लपवते. हॉलमधलं एकदिवसीय शिबिर, पीपीटी, जेवण आणि ग्रुप फोटो यांतून यातलं काहीच होत नाही.

‘सक्ती’ हा शब्द तुम्हाला खटकला. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण आधीच सांगितलेलं आहे. कॉलेजची मुलं स्वयंसेवक असली तरी त्यांनाही तोच नियम लावा: ओळखपत्राची प्रत, दोन ओळखीच्यांकडे चौकशी, आणि एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. भिंतीवर १०९८ (मुलांची हेल्पलाइन), ११२ (आपत्कालीन मदत) आणि जवळच्या चौकीचा नंबर लावा, मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.