'रडगाणं' म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

माझ्या मॅग्डेबुर्गच्या पहिल्या हिवाळ्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे रडगाणं आहे, असलं वाचून जर्मनीला निघालेली पोरं कचरतात, कर्ज काढून पाठवणाऱ्या आईबापांच्या जिवाला घोर लागतो. भांडी घासण्यात आणि पार्सलं उचलण्यात कमीपणा कसला, असंही तुम्ही विचारलंत. तुमची मुलगी हॅनोव्हरला मजेत आहे, तिने असलं काही कधी सांगितलं नाही. ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून दाखवायच्या खात्याचा, आकडा जुना आहे. आणि शेवटी, परीक्षेच्या तिसऱ्या अटेम्प्टवरचा परिच्छेद मी काढून टाकावा.

आकड्याचं तुमचं बरोबर आहे. मी ऑक्टोबर 2022 मध्ये आले तेव्हा वर्षाचे 10,332 युरो दाखवावे लागायचे, म्हणजे महिन्याला 861. जानेवारी 2023 पासून ते 11,208 झाले आणि सप्टेंबर 2024 पासून 11,904, महिन्याला 992. मी माझ्या वेळचा आकडा दिला आणि सालच लिहिलं नाही. त्यावर एखाद्या घराने हिशेब मांडला असता, तर ऐन वेळी दीड हजार युरो कमी पडले असते. चूक माझी आहे. ध्यानात आणून दिलंत, आभार.

कामाचं म्हणाल, तर कमीपणा आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी स्वतः आठ महिने एका गोदामात रात्रपाळी केली. तेव्हा नुकतंच किमान वेतन तासाला 12 युरो झालं होतं आणि मला त्या पैशांचा अभिमान होता. पट्ट्यावरून येणारी खोकी उचलून गाडीत रचायची, काही तीस किलोच्या घरातली. थंडीने बोटांची कातडी फाटायची, चिकटपट्टी लावून हातमोजे चढवायचे. तेही जमतं. जमत नाही ती झोप. पहाटे सुटून, ट्राम पकडून, सव्वानऊच्या लेक्चरला बसलं की फळ्यावरचं दिसतं पण डोक्यात शिरत नाही. आणि परीक्षा त्या फळ्यावरचीच असते. कर्जाचं व्याज आपण शिकत असतानाही चढतच असतं, म्हणून पोरं पाळ्या वाढवतात. पाळ्या वाढल्या की विषय राहतात. लेखात मी हे लिहिलं होतं, कामाची लाज नव्हे.

आता तुमचं ते वाक्य, 'तिने कधी सांगितलं नाही'. तुमच्या मुलीबद्दल मी काही बोलणार नाही. ती मजेत असेल, असावीच. पण त्या वाक्यापाशी मी थांबले, कारण हेच वाक्य मी माझ्या मित्राच्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय.

हा मित्र लातूरकडचा. आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर सामायिक होतं. हिवाळ्यात इथल्या आणि आपल्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर. घरी रात्रीचे आठ वाजून सगळे फोनभोवती जमतात, तेव्हा इथे साडेतीन झालेले असतात, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. तो बरोबर त्या वेळी खिडकीपाशी उभा राहायचा, चेहऱ्यावर उजेड येईल असा. "जेवलास का?" "हो, मेन्सात." मेन्सा म्हणजे विद्यापीठातली खानावळ. "अभ्यास?" "चाललाय मस्त." फोन ठेवला की ओट्यापाशी येऊन आदल्या रात्रीची खिचडी गरम न करता पातेल्यातूनच खायचा. दिवसातलं ते पहिलं जेवण असायचं.

तो एकाच विषयात दोनदा नापास झाला होता. आमच्या विभागात तीनच अटेम्प्ट. तिसऱ्यांदा गेलं की नाव कमी होतं, तसाच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही, आणि इथे राहण्याचा परवाना शिक्षणावरच मिळालेला असतो. घरी त्याने पाच महिने सांगितलं, "इथे निकाल उशिरा लागतात." शेत तारण होतं, बाप जामीन होता. तो कुठल्या तोंडाने सांगणार होता?

शेवटी सांगितलं ते एका रविवारी. दुकानं बंद, बाहेर चिटपाखरू नाही. मी पोळ्या लाटत होते, त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं मला वाटलं. मग वडील म्हणाले, "तू कधी बोलला नाहीस रे." आणि पुढे, "तिसऱ्या परीक्षेला किती दिवस आहेत?"

"चाळीस."

"मग उद्यापासून ते रातीचं काम बंद कर. पैशाचं मी बघतो."

तो तिथेच फरशीवर बसला. तव्यावरची पोळी करपली, मला भानच राहिलं नाही. त्या आठवड्यात तो स्टुडेंटनवेर्कच्या समुपदेशकाकडेही गेला. मेन्सा आणि हॉस्टेलं चालवणारी हीच संस्था, तिचं समुपदेशन विद्यार्थ्यांना फुकट असतं, आणि दीड वर्ष तिथे राहून आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. कारण त्याबद्दल आपल्या ग्रुपांवर कुणी लिहीतच नाही. तिथे बर्फातले फोटो असतात.

परीक्षेत त्याला 3.3 मिळाले. इथे 1.0 सगळ्यात वरचा, 4.0 काठावर पास, 5.0 नापास. 3.3 हा काही मिरवायचा आकडा नाही. पण त्या रात्री आम्ही शिरा केला आणि शेजारच्या तीन खोल्यांत वाटला.

चांगलं मी लिहिलं नाही असंही नाही, काका. ट्यूशन फी नसणं, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी लायब्ररी, तोडकंमोडकं जर्मन ऐकून घेणाऱ्या शेजारच्या आजी, हे सगळं त्याच लेखात आहे. 2023-24च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतातले 49 हजारांहून जास्त विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सगळ्यात जास्त आपलेच. त्यांना 'जाऊ नका' म्हणायला मी लिहिलं नव्हतं. मी स्वतः इथेच राहिले, इथेच नोकरी करते.

तुम्ही पालक म्हणून घाबरलात, ते मला कळतं. माझ्या आईनेही लेख वाचून फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "तेव्हा का नाही बोललीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या दिवशी आम्ही दोन तास बोललो, आणि तिने गोदामातल्या एकेका रात्रीबद्दल विचारलं.

म्हणून तिसऱ्या अटेम्प्टवरचा परिच्छेद मी काढणार नाही. समुपदेशनाची माहिती त्यात राहून गेली होती, ती आता घातली आहे. आणि ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा सालासकट बदलला आहे.